नासेरियनचा तुंबा

मित्रांनो, मी दुधाचा एक जुना तुंबा आहे, आणि एका जागी बसणे मला अजूनही जमलेले नाही. श्टुटगार्टजवळच्या एका दुग्धसंस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारच्या फळीवर मी चौदा वर्षे आहे. माझ्या एका बाजूला काचेचे चंबू आहेत, दुसऱ्या बाजूला तराजूची पेटी. ती सगळी शांत असतात. खालून ट्राम गेली की फळी थरथरते आणि मला वाटते, बिऱ्हाड उठले, निघालो. ट्राम निघून जाते. मी तिथेच असतो.

तुंबा म्हणजे आतून कोरून वाळवलेला भोपळा. तुम्ही तो गोसाव्याच्या हातात पाहिला असेल, किंवा नदीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला बांधलेला. मी त्याच कुळातला, पण दूरच्या देशातला. माझा वेल मेरू पर्वताच्या उतारावर, एका शेताच्या कुंपणावर चढला होता. हा पर्वत पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका, म्हणजे आताच्या टांझानिया देशात आहे. उतारावर शेतकरी राहतात आणि खाली कोरड्या गवताळ माळावर मासाई लोक गुरे राखतात. मासाई शेती करत नाहीत. गवत जिकडे, गुरे तिकडे. गुरे जिकडे, माणसे तिकडे. तुंब्यासाठी मात्र त्यांना शेतकरी शेजाऱ्यांकडे यावे लागते. नासेरियन नावाची एक मासाई बाई अशीच आली. तिने बकरीचे एक कातडे दिले आणि मला उचलले.

तिने माझे तोंड कापले, मला पाण्याने भरून बरेच दिवस ठेवले, कुजलेला गर आणि बिया काढल्या आणि मला उन्हात वाळवले. इथपर्यंत कोणीही करील. त्यानंतर तिने रानऑलिव्हची एक काठी चुलीत पेटवली आणि तिचे रसरशीत टोक माझ्या पोटात घालून आतून चोळले. मी जळतो आहे असे मला वाटले. काठी बाहेर आली, तोंड बंद झाले, धूर आत कोंडला. मग गाईच्या शेपटीच्या केसांच्या लांब कुंच्याने तिने सुटा कोळसा झटकून टाकला. आत एक काळे, गुळगुळीत अस्तर उरले. त्या अस्तरावर तिने दूध ओतले.

पुढची सात-आठ वर्षे हेच चालले. धुरामागून दूध, दुधामागून धूर. थरावर थर चढत गेला. नासेरियनच्या घरी दूध तापवत नसत. ते माझ्या पोटात पाच-सहा दिवस राही आणि दाट, आंबट, धुराच्या वासाचे होई. नासत नसे. वस्तीचा तळ हलला की मी गाढवाच्या पाठीवर लटकत असे आणि दूध माझ्या पोटात चालता चालता घुसळले जाई. एकदा गाढव बुजले आणि मी दगडावर आपटून चिरलो. नासेरियनने ती चीर चामड्याच्या बारीक वादीने शिवली. टाके किती, ते मी सांगणार नाही. तिच्या घरी गुरे आणि मुले मोजत नसत, आणि मी तिच्या घरातला होतो. शिवणीवरून तिने निळ्या-पांढऱ्या मण्यांची पट्टी लावली. पाहुणा आला की माझ्यातले दूध त्याला देत. एका म्हाताऱ्याने घोट घेऊन म्हटले होते, "या तुंब्याचं पोट चांगलं आहे." एवढी स्तुती मला पुरेशी होती.

सप्टेंबर १९५५ मध्ये जीपमधून एक जर्मन गृहस्थ आले. त्यांचे नाव प्रोफेसर आबेर्ले. दुधातले जंतू हा त्यांचा विषय. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले, गाई किती? कोणी उत्तर दिले नाही. मग त्यांनी विचारले, यात काय आहे, किती दिवसांचे आहे, किती मावते? त्याची उत्तरे त्यांनी वहीत लिहिली. सहा दिवसांचे दूध त्यांनी चाखले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एक चकचकीत ॲल्युमिनियमची किटली पुढे केली आणि माझ्याकडे बोट दाखवले.

नासेरियनने किटली हातात घेऊन आत पाहिले. मग तिने मला दुधाने भरले, हिरव्या गवताची एक जुडी माझ्या तोंडात खोवली आणि त्यावर हलकेच थुंकली. मासाई लोकांत हा आशीर्वाद असतो. प्रोफेसरांनी मला घेतले, जीपपाशी नेले आणि गवत उपटून फेकले. त्यात किडे असतील, असे ते दुभाष्याला म्हणाले.

जर्मनीत माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली गेली: क्रमांक २७. त्यानंतर सहा वर्षे कोणी मला हात लावला नाही. त्या सहा वर्षांत माझे मणी सैल झाले आणि चामडे कडक झाले. मी फळीवरून खालचा रस्ता पाहत असे. माणसे, सायकली, दुधाच्या गाड्या, सगळे कुठेतरी चाललेले असे.

१९६१ च्या शरद ऋतूत सुलेखा लिमये आली. ती मिरजेची. पुण्यात शिकून ती इथे डॉक्टरेटसाठी आली होती. तिचे यजमान यशवंत श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात यंत्रांवर संशोधन करत आणि त्सुफेनहाउझेन या उपनगरात राहत. दर शनिवारी दुपारी ते सायकलवरून तिला न्यायला येत, आणि दोघे मराठीत बोलत. माझे मराठी त्यांच्याकडूनच आलेले आहे. तुंब्याला कान नसतात, पण पोकळी असते. आवाज तीत साठतो.

प्रोफेसर आबेर्ल्यांनी सुलेखाला विषय दिला: या तुंब्यात दूध का टिकते? विषयामागे एक पत्र होते. टांगानिकातल्या एका दूधयोजनेने प्रोफेसरांचा सल्ला मागितला होता. पशुपालकांचे तुंबे बंद करावेत आणि सगळ्यांना ॲल्युमिनियमच्या किटल्या द्याव्यात का? उत्तर ३१ मार्च १९६३ पर्यंत द्यायचे होते. त्याच दिवशी प्रोफेसर निवृत्त होणार होते. म्हणजे सुलेखाचा प्रबंध आणि माझ्या भाऊबंदांचे भवितव्य एकाच तारखेला बांधलेले होते.

सुलेखाने मला पहिल्यांदा उचलले तेव्हा बोटाने टिचकी मारली. मी 'बद्द' असा वाजलो. तिने तोंड वाकडे केले. मिरजेला तिच्या गल्लीत तंबोरे तयार होत, आणि वाळलेला भोपळा कसा वाजला पाहिजे हे तिला लहानपणापासून माहीत होते.

आता जे घडले ते नीट ऐका. जानेवारी १९६२ मधला शनिवार होता. संस्थेत फ्राउ हेगेले नावाच्या बाई साफसफाई आणि काचसामान सांभाळत. त्या अस्सल श्वाबेन प्रांतातल्या. तिथे प्रत्येक इमारतीत जिना झाडण्याची पाळी आठवड्याने ठरलेली असते आणि पाळीची पाटी दाराला लटकते. तिला केरवोखे म्हणतात. 'केरवोखे, म्हणजे केर काढायचा आठवडा. इथेही केरच,' असे सुलेखाने यशवंतांना पहिल्याच महिन्यात हसत सांगितले होते. तर त्या शनिवारी फ्राउ हेगेले जिना पुसून वर आल्या, त्यांनी दिवा माझ्या तोंडाशी धरला आणि आत पाहिले.

"फ्राउ लिमये, हे आतून धुराडं आहे."

"हो. प्रोफेसर म्हणतात, यात दूध टिकतं."

"दूध टिकत असेल. याच्या शेजारी मी टिकणार नाही."

सुलेखा हसली. मग जर्मन लकबीने म्हणाली, "आल्झो, खरं आहे तुमचं. आमच्याकडे भोपळा आतून खरवडल्याशिवाय कोणी वापरत नाही. त्याला कीड लागते आणि तो बोलत नाही. जुनं सगळं काढून टाकू. मग मी माझा धूर मोजून देईन. किती धूर, किती दूध, सगळं नक्की."

"गेनाऊ, अगदी बरोबर," असे म्हणून फ्राउ हेगेले सोडा आणायला गेल्या.

दोघींनी मला सोड्याच्या गरम पाण्याने भरले. माझे तोंड अरुंद, त्यात हात जात नाही. म्हणून सुलेखाने मूठभर जाड वाळू टाकली, बूच लावले आणि मला दोन्ही हातांत धरून हलवायला लागली. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मी सुखावलो. सहा वर्षांत पहिल्यांदा मी हलत होतो. गाढव चालते आहे, समोर माळ आहे, नासेरियन पुढे आहे, असे मला वाटले. आत वाळू माझे अस्तर खरवडत होती आणि मी प्रवासाचे स्वप्न पाहत होतो. चार वेळा काळे पाणी गेले. पाचव्या वेळी स्वच्छ आले. सुलेखाने मला पुसून टिचकी मारली. मी 'टण्' असा वाजलो.

"बोलला," ती म्हणाली. दोघी फार खूष होत्या.

पुढे एक वर्ष प्रयोग झाले. बीचच्या लाकडाचा धूर नळीतून दहा मिनिटे, वीस मिनिटे, तीस मिनिटे. नंतर दूध. सुलेखाने मला बत्तीस वेळा भरले आणि बत्तीस वेळा ते तिसऱ्या दिवशी नासले. शनिवारी यशवंत येत.

"काय म्हणतो तुझा भोपळा?"

"नासलं."

"म्हणजे परीक्षेत भोपळाच."

"अहो, हा विनोद मागच्या शनिवारी झाला."

"दूधही मागच्या शनिवारी नासलंच होतं की."

ती हसे, पण तिची झोप कमी झालेली दिसे. सकाळी येऊन ती आधी मला हुंगे, मग कोट काढी. १९६३ च्या फेब्रुवारीत तिने निष्कर्षाचे वाक्य लिहिले आणि यशवंतांना वाचून दाखवले: 'तुंब्याला दिलेल्या धुराने दूध टिकते, या समजुतीला आधार आढळला नाही.' मी ते ऐकले. माझ्या पोटात ते वाक्य बराच वेळ घुमत राहिले, कारण आता आत घुमायला भरपूर जागा होती. हे वाक्य टांगानिकाला जाणार, आणि नासेरियनच्या मुलींना कोणीतरी सांगणार की तुमचे तुंबे म्हणजे घाण. मला ओरडता येत नव्हते. साधे गडगडताही येत नव्हते.

तो हिवाळा भयंकर होता. दक्षिणेकडचे अख्खे बोडेन्झे सरोवर गोठले होते. अशा थंडीत, बारा फेब्रुवारीला, प्रोफेसर एका पाहुण्याला घेऊन वर आले. तो टांगानिकाच्या पशुवैद्यकीय खात्यातला माणूस होता. नाव लेमायान. गुरांच्या रोगांच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तो आला होता. त्याने कोटाखाली दोन स्वेटर घातले होते. तो मासाई होता. मला पाहून तो थांबला आणि इंग्रजीत म्हणाला,

"हा कोणाचा?"

"संस्थेचा," सुलेखा म्हणाली. "क्रमांक सत्तावीस."

"संस्थेनं शिवलेला दिसत नाही." त्याने माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला. "ही किसोंगो मासाईंची शिवण आहे. माझी आई अशीच शिवते. बाईचं नाव काय?"

प्रोफेसरांनी जुनी वही उघडली. माझी उंची होती, माप होते, गावाजवळच्या टेकडीचे नाव होते, दुधाचे दिवस होते. बाईचे नाव नव्हते. आठ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता.

लेमायानने माझ्या तोंडाला नाक लावले. मग पुन्हा लावले.

"हा नवा आहे?"

"जुना आहे."

"मग वास कुठे गेला?"

"मी साफ केला," सुलेखा म्हणाली. "आत सगळा कोळसा होता. सोड्यानं धुतला, वाळू घालून खरवडला."

लेमायान आधी हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "आमच्याकडे नव्या सुनेनं असं केलं असतं ना, तर सासूनं तिला माहेरी नाही, डॉक्टरकडे पाठवलं असतं. ताई, तो कोळसाच तर तुंबा आहे. भोपळा नुसता बाहेरून धरायला असतो."

प्रोफेसर वही घेऊन गेले. सुलेखा स्टुलावर बसली.

शनिवारी यशवंत आले तेव्हाही ती तशीच बसली होती. तिने सगळे सांगितले. ते खिडकीशी उभे राहून म्हणाले, "हे बघ. तू दिलेला धूर खरा. नासलेलं दूध खरं. आकडे खोटे नाहीत."

"पण तुंबा मी घासला."

"कोणाला कळणार आहे? प्रोफेसर सहा आठवड्यांनी घरी बसणार. जुलैची जहाजाची तिकिटं आलीत. पुण्याला माझी नोकरी वाट बघते आहे. आता नवं सुरू केलंस तर एकतर पदवी राहून जाईल, नाहीतर आपलं जाणं."

"अहो, मी पदवी मिळवायची आणि तिकडे हजारो बायकांनी तुंबे फेकायचे?"

"एका प्रबंधानं एवढं होत नाही, सुलू."

"प्रबंधानं नाही होत. सल्ल्यानं होतं. त्या सल्ल्यात माझं वाक्य जाणार आहे."

यशवंतांनी मला उचलले, टिचकी मारली. मी 'टण्' वाजलो. "छान बोलतो मात्र," ते हळूच म्हणाले.

"तेच चुकलं," सुलेखा म्हणाली. "बोलायचं काम तंबोऱ्याचं. याचं नाही."

सोमवारी ती प्रोफेसरांसमोर उभी राहिली.

"तुम्हाला प्रबंधात लिहायचं आहे, की तुम्ही भांडं धुतलं?" त्यांनी विचारले.

"हो. वर्षभरात मी खात्रीनं केलेली तेवढीच गोष्ट आहे. बत्तीस वेळा नासलं ते घासलेल्या तुंब्यात नासलं. न घासलेल्यात काय होतं, ते मला माहीत नाही."

"मी एकतीस तारखेनंतर तुमचा मार्गदर्शक असणार नाही. दुसरा शोधावा लागेल. तो तुम्हाला पहिल्यापासून प्रश्न विचारील."

"विचारू दे."

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "त्या बाईनं याच्या तोंडात गवत खोवलं होतं," ते म्हणाले. "मी फेकलं. कशासाठी खोवलं, ते विचारलं नाही." मग त्यांनी सहा आठवडे दिले.

प्रश्न लाकडाचा होता. ऑलिव्ह श्टुटगार्टला उगवत नाही. लेमायान म्हणाला, दुसरे लाकूड त्याच्या आईने कधी वापरलेले त्याने पाहिले नाही. फ्राउ हेगेले हे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आल्या. ती ऑलिव्हच्या लाकडाची हातभर लांबीची पळी होती. इटलीत गार्डा सरोवरावर नवऱ्याबरोबर केलेल्या एकुलत्या एका सहलीची ती खूण होती आणि अकरा वर्षे भिंतीवर टांगलेली होती.

"सोडा मी आणला होता," त्या म्हणाल्या. "जाळा."

संस्थेच्या मागच्या अंगणात बर्फ बाजूला सारून शेगडी पेटवली. लेमायानने हात कोटाच्या खिशातच ठेवले. "हे बायकांचं काम. मी फक्त पाहिलंय. मी सांगतो, हात तुमचे." पळीचे पेटते टोक सुलेखाने माझ्या पोटात घातले. ती घाबरत चोळत होती. "जोरात," तो म्हणाला. "कपाळाला कुंकू नाही लावायचं." हे कुंकवाचे तो सुलेखाला पाहून शिकला होता. धूर कोंडला. मी पुन्हा जळतो आहे असे मला वाटले, आणि आता त्याचा अर्थ मला माहीत होता. तिने कुंच्याने कोळसा झटकला. गाईच्या शेपटीचे केस यशवंतांनी एका खाटकाकडून मागून आणले होते. कशाला हवेत, हे त्याला समजावताना त्यांच्या जर्मन भाषेची कसोटी लागली होती. असे पाच दिवस रोज केले. नंतर दूध भरले. लेमायानने बर्फाखालून चिमूटभर गवत उकरले, ते पिवळे होते, माझ्या तोंडात खोवले आणि त्यावर हलकेच थुंकला.

फ्राउ हेगेलेंनी डोळे मिटले. सुलेखा मिरजेची, उष्टे, खरकटे, थुंकी यांचे नियम तिला पाळण्यातच कळलेले. तिचा हात कुंच्याकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "या वेळी आपण काही पुसायचं नाही."

"आणि फळीवर ठेवू नका," लेमायान म्हणाला. "आमच्याकडे दूधही माणसांबरोबर चालतं."

म्हणून मित्रांनो, १९६३ च्या मार्चमध्ये मी यशवंतांच्या सायकलच्या दांडीला लटकून रोज संध्याकाळी त्सुफेनहाउझेनला गेलो आणि सकाळी परत आलो. लोक वळून पाहत. एका पोलिसाने थांबवून आत काय आहे विचारले. यशवंत म्हणाले, "माझ्या बायकोची डॉक्टरेट." त्याने जाऊ दिले.

तिसऱ्या दिवशी सुलेखाने मला हुंगले आणि कोट काढायला विसरली. पाचव्या दिवशी लेमायान प्याला. त्याने घोट तोंडात फिरवला. "आईच्या हातचं नाही," तो म्हणाला. "पण दूध आहे." मग सुलेखा प्याली. मग फ्राउ हेगेले नाक धरून प्याल्या, आणि नाक सोडून पुन्हा प्याल्या. महिनाभरात चार वेळा भरून झाले. तीनदा दूध टिकले, एकदा नासले. सुलेखाने चारही आकडे लिहिले.

चार आकड्यांवर पदवी मिळत नाही. पण ३१ मार्चला प्रोफेसरांनी पाठवलेल्या उत्तरात निष्कर्षाचे ते वाक्य नव्हते. तिथे लिहिले होते की आमच्या पहिल्या बत्तीस प्रयोगांत आम्हीच तुंबा निकामी केला होता, आणि तुंबे वापरणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय ते बंद करू नयेत. त्या योजनेने पुढे काय केले, ते मला ठाऊक नाही.

जुलैत यशवंत एकटे जहाजावर चढले. निघण्याआधी ते प्रयोगशाळेत आले, मला टिचकी मारली आणि 'बद्द' आवाज ऐकून म्हणाले, "सुटला बिचारा बोलण्यातून." सुलेखा आणखी एक वर्ष राहिली. नव्या मार्गदर्शकाने तिला खरोखरच पहिल्यापासून प्रश्न विचारले. तिच्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण 'माझी चूक' या नावाचे आहे.

१९६४ च्या मे महिन्यात लेमायानचे पत्र आले. वहीतल्या टेकडीच्या नावावरून त्याने शोध काढला होता. तिचे नाव नासेरियन, त्याने लिहिले होते. तळ तीनदा हलला आहे, पण ती आहे. किटलीतून ती वासरांना पाणी पाजते. त्याने सगळी हकिकत सांगितली तेव्हा वाळूपाशी ती इतकी हसली की तिला बसावे लागले. मग तिने एकच विचारले, तो भरलेला आहे का?

सुलेखाने ते पत्र मिटले, खाली जाऊन दूध आणले आणि मला भरले. तिला मला टांगानिकाला पाठवायचे होते. पण मी संस्थेच्या यादीत क्रमांक २७ होतो आणि यादीतून नाव काढणे तिच्या हातात नव्हते. जाण्याआधी तिने माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीमागे जर्मनमध्ये लिहिले: घासू नका. आधी विचारा.

त्यानंतर पाच वर्षे फ्राउ हेगेलेंनी मला सांभाळले. केरवोखेच्या पाटीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'तुंबा' असे जोडले होते. महिन्यातून एकदा धूर, शनिवारी दूध, आणि रोज एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. पहिली पळी संपली तेव्हा त्या दुसरीसाठी पुन्हा गार्डाला गेल्या, या वेळी एकट्या. गेल्या महिन्यात, जून १९६९ मध्ये, त्या निवृत्त झाल्या. पाटी खाली उतरली.

तेव्हापासून मी फळीवर आहे. पोट कोरडे आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाची तरी जुनी वस्तू असेल. काळी, वास येणारी, काही न बोलणारी. तिची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. पण मला खरवडणाऱ्या दोघींनी माझी काळजीच घेतली होती, आणि मनापासून घेतली होती. म्हणून एवढेच मागतो, हात लावण्याआधी विचारा. तुम्हाला दिसते ती घाण कदाचित कोणाच्या तरी हातांनी वर्षानुवर्षे चढवलेली असेल.

आज सकाळी बॉबलिंगेनहून नव्या बाई कामावर आल्या. त्यांनी फळीवरचे चंबू उतरवले, धुतले, लख्ख केले. मग मला उचलले आणि दिवा माझ्या तोंडाशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी ओळखला, तो मी आधी सुलेखाच्या आणि फ्राउ हेगेलेंच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे. त्यांनी मला मोरीशी नेले, ब्रश घेतला आणि नळ सोडला. मी उलटा झालो, तशी चिठ्ठी त्यांच्या मनगटावर पडली. त्यांनी ती वाचली. शाई फिकट झाली आहे, त्यामुळे वेळ लागला.

मग त्यांनी नळ बंद केला आणि शेजारच्या खोलीकडे वळून विचारले, "हा कोणाचा आहे?"